नाग नदीच्या काठाकाठाने

नागपुरातल्या आपल्या माणसाला दीक्षाभूमीचा रस्ता सांगावा लागत नाही. झोपेतून उठवून विचारले तरी तो बोट दाखवील. पण नाग नदी कुठून येते आणि कुठे जाते, असे विचारून पाहा. दहातले नऊ जण म्हणतील, "तो नाला का?" आमच्या चिरंजीवांनीही हेच विचारले. तो तेव्हा नववीत होता आणि शाळेने 'आपल्या परिसरातील नदी' असा प्रकल्प दिला होता. इंटरनेटवरून चार चित्रे काढून चिकटवायची आणि मोकळे व्हायचे, असा त्याचा बेत. मी म्हटले, बाबा रे, ज्या नदीच्या नावावरून आपण नागपूरकर, ती एकदा पायी चालून तरी पाहू.

त्याला मी एक गोष्ट सांगितली, ती वाचकांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. धम्मदीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ ला. दुसऱ्या दिवशी, १५ तारखेला, बाबासाहेबांनी जे भाषण केले त्यात नागपूरच का निवडले याचा खुलासा आधी केला. राष्ट्रीय स्वयंसेवक संघ येथे आहे म्हणून हे शहर निवडले, असे काही लोक म्हणत होते. बाबासाहेबांनी ते साफ नाकारले आणि नागलोकांचा इतिहास सांगितला. बुद्धाच्या धम्माचा प्रसार करणारे ते नागलोक, त्यांची वस्ती या भागात, त्यांच्यावरून गावाचे नाव आणि इथून वाहणाऱ्या नदीचेही. म्हणजे ही नदी आपल्या इतिहासात आहे. आज ती नाकाला रुमाल लावून ओलांडावी लागते, ही वेगळी गोष्ट.

पण प्रकल्प हे निमित्त झाले. खरे कारण होते २३ सप्टेंबर २०२३ ची रात्र.

त्या वर्षी वर्षावास चालू होता. आमच्या विहारात रोज रात्री 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' चे वाचन होत असे. शुक्रवारी वाचन आटोपून मंडळी घरी गेली तेव्हा पावसाचे फारसे काही नव्हते. मध्यरात्रीनंतर आभाळ फाटले. चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. अंबाझरी तलाव सांडव्यावरून भरभरून वाहू लागला, नाग नदी काठ सोडून घराघरांत शिरली. शनिवारी उजाडले तेव्हा अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट, गांधीनगर, बर्डीचा खालचा भाग पाण्यात. मोरभवनच्या स्थानकात एसटी बसगाड्या पाण्यात उभ्या. राष्ट्रीय आणि राज्य आपत्ती दलांचे जवान आले, लष्कर आले, होड्या आल्या. एका मूकबधिर शाळेतल्या मुलांना जवानांनी बाहेर काढले. ज्यांना हाक ऐकू येत नाही आणि मारताही येत नाही, अशी ती लेकरे. निदान चार जणांचा जीव गेला. त्यांत अंथरुणाला खिळलेली एक वृद्ध स्त्री होती. पाणी घरात आले आणि तिला उठता आले नाही. सुमारे दहा हजार घरांत पाणी शिरल्याचे सरकारनेच सांगितले.

मी एका कचेरीत कारकून आहे. कॉमर्सचा विद्यार्थी. माझ्या हातात आयुष्यभर आवक-जावक नोंदवही आणि जमाखर्चाचे कागद. त्यामुळे कुठलीही गोष्ट घडली की मला आधी प्रश्न पडतो, याची नोंद कुठे आहे आणि त्याखाली सही कोणाची आहे? पूर ओसरल्यावर पंधरा दिवस आम्ही काही कार्यकर्ते एका वस्तीत होतो. त्याविषयी पुढे लिहितोच. पण तिथे काम करतानाच मनात आले की हे पाणी ज्या वाटेने आले ती वाट उलट नाही, सुलट चालून पाहावी. वरून खाली. म्हणून १७ डिसेंबर २०२३ च्या रविवारी, बापलेक दोघे, डब्यात पोळी-भाजी घेऊन 'आपली बस'ने अंबाझरीला उतरलो. शहरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू होते. रस्ते झाडलेले, चौकाचौकात पोलीस. नागपूरला राज्य सरकार दरवर्षी येते, पण येते डिसेंबरात. पावसाळ्यात कुठला पूल खचतो आणि कुणाची चूल विझते, ते त्या गुलाबी थंडीत कसे दिसणार?

नाग नदीचा उगम अंबाझरीच्याही वर, वाडीकडच्या लाव्हा गावाच्या टेकड्यांत आहे. तिथून ती तलावात येते. अंबाझरीचा मातीचा बांध १८७० सालचा. एके काळी शहराला पाणी पाजणारा हा तलाव. बांधावर सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी होती. खाली वाकून मुलाला दाखवले: डावीकडे पाण्याची पातळी आणि उजवीकडे घरांची छपरे, यांतले अंतर पाहून ठेव. तो काही बोलला नाही, पण बांधाच्या मधोमध चालू लागला.

तलावाला पाणी सोडायला दरवाजे नव्हते. भरला की सांडव्यावरून आपोआप वाहायचा. याचा अर्थ असा की पाणी कोणी 'सोडले' नाही, म्हणून सूचना द्यायलाही कोणी बांधील नाही. दरवाजा असता तर दरवाजावर माणूस असता, माणसाला वरिष्ठ असता, वरिष्ठाला फोन असता. इथे पाणी आपले आपण निघाले आणि खालच्या लोकांना ते अंथरुणात भेटले.

सांडव्याच्या समोरच महानगरपालिकेने उभारलेले स्वामी विवेकानंदांचे स्मारक आहे. पुतळा भव्य आहे आणि ज्यांचा आहे त्यांच्याविषयी आदर आहेच. प्रश्न पुतळ्याचा नाही, जागेचा आहे. भरलेल्या तलावाचे पाणी जिथून बाहेर पडणार, त्याच तोंडाशी चौथरा बांधताना कुणी अभियंत्याने नकाशावर बोट ठेवून विचारले असेल का, की पाणी कुठून जाईल? पुराची झळ पोहोचलेले नागरिक पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले. न्यायालयाने सरकारला आणि महानगरपालिकेला चांगलेच धारेवर धरले, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली उच्चस्तरीय समिती बसली, पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राकडे अभ्यास गेला. हे सगळे पुरानंतर. खडकवासल्याची ती संस्था १९१६ पासून आहे. चौथऱ्याचा पहिला दगड बसवण्याआधीही ती तिथेच होती.

मुलाने विचारले, "बाबा, हा तलाव कोणाचा?" सोपा प्रश्न वाटतो. तलाव महानगरपालिकेचा. शेजारचे उद्यान पर्यटन विकास महामंडळाकडे दिलेले. खालच्या लेआउटांना मंजुरी देणारा नागपूर सुधार प्रन्यास वेगळा. धरणाचे तांत्रिक ज्ञान जलसंपदा खात्याकडे. आपत्ती आली की २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. एका सांडव्याला इतके मालक. आमच्या कचेरीत फाइल अशी पाच टेबलांवरून फिरू लागली की जुने बाबू म्हणतात, आता ही म्हातारी होऊनच परत येईल.

याच उद्यानाच्या जागेत आपले डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन होते. २०२१ मध्ये ते पाडले गेले आणि आपल्या भगिनींनी त्यासाठी किती दिवस धरणे धरले, हे वाचक विसरले नसतील. तो लढा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. एवढेच म्हणतो की जागा मोकळी करायची असली की सरकारी यंत्रणा किती चपळ होते, हे आपण त्या ठिकाणी पाहिलेले आहे.

बांधावरून उतरून आम्ही प्रवाहाच्या बाजूने निघालो. बाजूने म्हणजे जिथे वाट मिळेल तिथे. कारण नदी कुठे भिंतीआड, कुठे बंगल्यांच्या मागच्या अंगणाला खेटून, कुठे पुलाखाली अरुंद नळीसारखी. मुलाने एका ठिकाणी पावले टाकून रुंदी मोजली, पुढच्या वळणावर पुन्हा मोजली आणि म्हणाला, पुढे गेल्यावर नदी मोठी व्हायला पाहिजे ना? ही तर बारीक होते. भूगोलाच्या पुस्तकात नदी मुखाकडे रुंद होत जाते. नागपूरच्या नदीने वेगळे पुस्तक वाचलेले दिसते.

इथे थोडा हिशेब करू. एक चौरस किलोमीटर जागेवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी होते दहा कोटी लिटर. आपल्या घरांवर हजार लिटरची काळी टाकी असते ना, तशा एक लाख टाक्या, फक्त एका चौरस किलोमीटरवर. पूर्वी यातले बरेच पाणी मातीत मुरायचे, मैदानात थांबायचे. आता नागपुरात गल्लीबोळ सिमेंटचे झाले. हे सिमेंट रस्ते जुन्या रस्त्यावर थर चढवत इतके उंच केले की अनेक मोहल्ल्यांत घराचा उंबरठा खाली आणि रस्ता वर. रस्त्याच्या उद्घाटनाचा फलक मात्र पाण्यात बुडत नाही, तो खांबावर उंच लावलेला असतो.

नदीकाठी किती जागा मोकळी सोडायची याचा नियम नाही असे नाही. महाराष्ट्रात पूररेषा आखण्याची पद्धत जुनी आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा. तिच्या आत बांधकामाला मनाई. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. तिच्या आत निर्बंध. आपल्याकडे या रेषा कागदावर आल्याच तर लेआउट पडल्यावर, प्लॉट विकल्यावर, कर्जे निघाल्यावर येतात. डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी इथली माणसे चोरून राहायला आलेली नव्हती. त्यांनी पैसे मोजले, मंजुरी पाहिली, घर बांधले. निवृत्तीचे सगळे पैसे घरात घातलेले कितीतरी असतील. त्यांच्या बैठकीत छातीभर पाणी चढले तेव्हा त्यांनाही कळले की सरकारी शिक्का हा पाण्याला दाखवता येत नाही.

पंचशील चौकाला पोहोचायला दुपार झाली. चौकाजवळचा पूल त्या रात्री खचला होता, आणि तीन महिन्यांनंतरही रस्ता बंद. लोखंडी पत्रे आडवे लावलेले. शहराच्या अगदी मध्यभागी. आम्ही तिथेच एका टपरीवर चहा घेतला. टपरीवाला म्हणाला, "सरकारनं टपरीले दहा हजार सांगितले होते जी. दुकानाले पन्नास. पन नाव यादीत पाहिजे." घोषणा खरी होती. पुरानंतर लगेच उपमुख्यमंत्र्यांनी बाधित कुटुंबाला दहा हजार, दुकानाला पन्नास हजारांपर्यंत, टपरीला दहा हजार आणि मृतांच्या वारसांना चार लाख जाहीर केले होते. पैसे मिळाले नाहीत असेही म्हणता येत नाही, अनेकांना मिळाले. घोषणा करणे हे पुढाऱ्याचे काम, यादी करणे हे आमच्यासारख्या कारकुनांचे. आणि मी कारकून असल्यामुळेच सांगतो, गरीब माणूस घोषणेत असतो, यादीतून गळतो.

आणखी एक गोष्ट मला त्या बंद पुलाशी उभे असताना जाणवली. नागपूर महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती. निवडणुका झाल्या नाहीत. पूर आला तेव्हा दीड वर्ष प्रशासकाचे राज्य चालू होते. नगरसेवक चांगला असो की वाईट, रात्री दोनला त्याच्या दाराची कडी वाजवता येते, चार शिव्या देता येतात. प्रशासकाच्या बंगल्याची कडी कुठे असते, ते वस्तीतल्या बाईला माहीत नसते.

तिथून ऑटो करून आम्ही मोक्षधाम, बैद्यनाथ चौक ओलांडून पूर्वेकडे उतरलो. आता ज्या वस्तीत आलो तिचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नदीकाठच्या वस्तीचे नाव छापून आले की पहिल्यांदा मदत येत नाही, नोटीस येते. वर ज्यांनी नदीच्या तोंडाशी चौथरा बांधला ते विकास करणारे आणि खाली जो माणूस पोटापाण्यासाठी नदीला टेकून चार पत्रे उभा करतो तो अतिक्रमण करणारा. दोन्ही शब्द एकाच कार्यालयाच्या टाइपरायटरवरून निघालेले आहेत.

या वस्तीत बहुतेक आपलेच लोक. बाया धंतोली, रामदासपेठेत धुणीभांडी करणाऱ्या, पुरुष बांधकामावर, काही ऑटोवाले. गल्लीच्या तोंडाशी एक मावशी राहतात. नवरा नाही, मुलगा नाही, सून दुसरीकडे गेली, एक नात सांभाळली. त्या रात्रीचे त्यांचे बोलणे माझ्या वहीत तसेच्या तसे लिहिलेले आहे. "खाटेखाली बकेट वाजू लागली, भाऊ. म्या म्हटलं उंदीर असन. हात खाली टाकला त गारेगार पाणी. पोरीले उठवलं, तिले पाटावर उभं केलं. दिवा गेला होता. गंज तरंगून भिताडाले आपटत होते, त्याचाच आवाज." कोणाचा भोंगा नाही, गाडी नाही, फोन नाही. शेजारच्या पोरांनी पत्र्यावर काठ्या बडवून गल्ली जागी केली. शहरात प्रादेशिक हवामान केंद्र आहे, 'नीरी'सारखी पर्यावरणाची राष्ट्रीय संस्था आहे, आणि या गल्लीपर्यंत पोहोचलेली सूचना म्हणजे पत्र्यावरची काठी.

पाणी उतरल्यावर पंचनामा करणारे पथक आले सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास. आता विचार करा, अकरा वाजता या वस्तीत घरी कोण असते? दोन दिवसांचा खाडा झाला म्हणून बाया कामावर पळालेल्या. तिसऱ्या दिवशीही गेल्या नाहीत तर मालकीण दुसरी पाहते. दाराला कुलूप. पथकाने शेरा मारला, 'घर बंद'. ज्या घरी कोणी सापडले, तिथे गाळ काढून, शेणाने सारवून जागा कोरडी केलेली. लेकरांना झोपवायचे कुठे? तर शेरा, 'नुकसान दिसून येत नाही'. पथकातली मुले वाईट नव्हती. त्यांना दिवसाला इतकी घरे उरकायची होती आणि संध्याकाळी सातनंतर जा, असे सांगणारा वरचा कोणी नव्हता. खर्च एक पैशाचा नव्हता, फक्त वेळ बदलायची होती.

आम्ही मग विहारात सतरंजी टाकून बसलो. विहारातल्या दोन मुली, एक रिक्षावाला भाऊ आणि मी. साठेक घरांची आमची स्वतःची नोंदवही केली: नाव, पाण्याची उंची, काय बुडाले, बँकेचे खाते. भिंतीवर पाण्याची रेघ अजून ओली होती, ती खडूने गिरवून ठेवायला सांगितली. फोटो काढले. एका सरकारी कार्यालयात ती वही घेऊन तीनदा गेलो. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर. दुसऱ्यांदा, घरटॅक्सची पावती जोडा. तिसऱ्यांदा, अर्ज प्रत्येकाने स्वतंत्र करावा. माझी नोकरीही अशीच टेबलाच्या पलीकडे बसण्याची आहे. त्या दिवसापासून मी कुणाला 'उद्या या' म्हणताना अडखळतो.

मावशींचे गाऱ्हाणे दहा हजारांचे नव्हतेच. पेटीत त्यांच्या सासऱ्याची कोतवाल बुकाची नक्कल आणि शाळेतला दाखल-खारीजचा उतारा होता. आपल्या लोकांना या कागदांची किंमत समजावून सांगायला नको. १९५० पूर्वीचा पुरावा. त्याशिवाय जातीचा दाखला नाही, पडताळणी नाही, पडताळणीशिवाय प्रवेश नाही. नात बारावीला होती, पुढे नर्सिंगला जायचे म्हणत होती. पेटी उघडली तेव्हा कागदाचा लगदा झालेला. मावशी म्हणाल्या, "भांडे पुन्हा घेता येते भाऊ. सासऱ्याले शाळेत पुन्हा कसा घालू?" पंचनाम्याच्या छापील नमुन्यात या नुकसानीचा रकाना नाही. कपडे आहे, भांडी आहे, धान्य आहे. कागद नाही.

मग आम्ही गावच्या तहसिलीत गेलो. पाच खेपा झाल्या, भाडेतोडे मावशींचे आणि एक दिवसाची रजा माझी, प्रत्येक खेपेला. जुने कोतवाल बुक एका कपाटात सापडले, पाने हाताला लागताच तुटत होती. नक्कल मिळाली फेब्रुवारीत. दहा हजार त्याच्याही नंतर आले.

मुलगा हे सगळे ऐकत होता. मावशींनी त्याला भिंतीवरची खडूची रेघ दाखवली. त्याने पट्टीने मोजली आणि वहीत आकडा लिहिला. प्रकल्पात तो आकडा आहे. बाईंनी त्याखाली विचारले होते, हे कशासाठी?

घरी आल्यावर वडिलांना सांगितले. ते आता थकले आहेत. पण पुराचा विषय निघाला की त्यांना मोवाड आठवते. ३० जुलै १९९१. आपल्याच नागपूर जिल्ह्यातले, नरखेड तालुक्यातले, वर्धा नदीच्या काठचे मोवाड गाव. त्या पुरात २०४ माणसे गेली. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. विहारात भाकरी आणि कपड्यांचे गाठोडे बांधले जात होते एवढे आठवते. वडील ट्रकमधून गेले होते. ते म्हणतात, आम्ही भाकरी घेऊन गेलो, पण खाणारे कमी आणि शोधणारे जास्त. पुढे गाव नदीपासून दूर नव्या जागी वसवले गेले. दोनशे माणसे गेल्यावर सरकारला जागा सापडली. ती जागा आधीही तिथेच होती. वडिलांनी नागपूरच्या पुराचे आकडे ऐकले आणि इतकेच विचारले, "मोवाडनंतर तीस वर्षे झाली ना रे?" बत्तीस झाली होती.

निसर्गापुढे सरकार तरी काय करणार, असे म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांच्यासाठी थोडे बाबासाहेबांकडे वळतो. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते हे आपण सांगतो. पण पाणी आणि वीज हे विषयही त्यांच्याच खात्यात होते, हे कमी सांगितले जाते. जुलै १९४३ मध्ये बंगालात दामोदर नदीचा बांध फुटला. रेल्वे आणि ग्रँड ट्रंक रस्ता तुटला, कलकत्त्याचा संपर्क तुटला. तोवर पद्धत अशी की बांध फुटला की तो पुन्हा बांधायचा आणि पुढच्या पुराची वाट पाहायची. बाबासाहेबांनी ३ जानेवारी १९४५ ला कलकत्त्यात बंगाल, बिहार आणि केंद्र यांना एकत्र बसवले. नदी एक, पण प्रांत दोन, खाती अनेक. तेव्हा संपूर्ण खोऱ्यासाठी एकच जबाबदार यंत्रणा हवी, असा त्यांचा आग्रह. पुढे १९४८ च्या कायद्याने दामोदर खोरे महामंडळ झाले. त्याच वर्षी, ८ नोव्हेंबर १९४५ ला, कटकच्या परिषदेत ओरिसाच्या नद्यांविषयी त्यांनी मांडले की जास्त पाणी हे संकट समजून समुद्राकडे पिटाळण्याची दृष्टीच चुकीची आहे. ते साठवून लोकांच्या कामी आणले पाहिजे. मोठ्या धरणांनी उठवलेल्या लोकांचे, विशेषतः आदिवासींचे, दुःख नंतर जगाने पाहिले. ते नाकारून चालणार नाही. पण नदीचा एकच धनी असावा आणि त्याने पुराच्या आधी विचार करावा, ही गोष्ट १९४५ मध्ये सांगितलेली आहे. आणि अंबाझरीच्या सांडव्याला आजच्या काळात पाच मालक.

वास्तविक पाण्याशी आपले नाते जुनेच. शाक्य आणि कोलियांचा रोहिणीच्या पाण्यावरून तंटा झाला, त्यातून सिद्धार्थाने घर सोडले असे बाबासाहेब लिहितात. महाडचे तळे तर आपल्या रक्तातच आहे. माझ्या मुलाने मात्र नाकावर रुमाल ठेवूनच नदी पाहिली.

नदीचा शेवटचा टप्पा आम्ही जानेवारीत पाहिला, पारडीच्या पुढे. तिथे शहर संपते आणि पाण्यावर पांढरा फेस तरंगतो. पुढे पिवळी नदी मिळते, मग दोघी कन्हानला, कन्हान वैनगंगेला. नागपूरचे सांडपाणी असे गोसीखुर्द धरणापर्यंत पोहोचते. नाग नदीच्या शुद्धीकरणाचा सुमारे १,९२५ कोटींचा प्रकल्प आहे, त्याची कोनशिला ११ डिसेंबर २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते बसली. पूर आला तो त्यानंतर नऊ महिन्यांनी. काठावर एक म्हातारे गृहस्थ म्हशी धूत होते. मुलाने त्यांना विचारले, पूर आला होता का इकडे? ते म्हणाले, "आला न. तुमच्या बर्डीवरचं सगळं सामान इकडेच आलं. चपला, फायली, एक फ्रीज." फायली कुणाच्या होत्या ते मी विचारले नाही.

त्यानंतर जुलै २०२४ मध्ये शहरात पुन्हा पाणी शिरले. जुलै २०२५ च्या पावसातही शिरले. ८ जुलै २०२५ च्या रात्री दीडच्या सुमारास माझा फोन वाजला. मावशींची नात होती. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे आता. म्हणाली, "मामा, पाणी नालीच्या वर आलंय. खडूच्या रेघेला अजून हातभर आहे. आजीला विहारात नेते." मी विचारले, कागद? ती म्हणाली, प्लास्टिकच्या पिशवीत घालून छपराच्या आड्याला टांगलेत, पोटाला बांधायलाच काढतेय.

मी गाडी काढली. बायकोने टॉर्च आणि दोन चादरी दिल्या. मुलगा आधीच दारात उभा होता, हातात पत्र्यावर बडवायला काठी घेऊन.